रताळ्यातलं शिसं

जळगावात भाजीपाला तपासणाऱ्या लॅबमध्ये बारा वर्षं काढली की सांगण्यासारखं खूप साठतं. घरी सांगायला गेलं तर कुणाला जेवण जात नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

*

नाना पहिल्यांदा आले ते रताळ्यांची पिशवी घेऊन. त्यांचं वावर कारखान्यांकडून येणाऱ्या नाल्याच्या काठी, आणि पिकाला पाणीही त्याच नाल्याचं. व्यापाऱ्याने रिपोर्ट मागितला होता, म्हणून रताळी घासूनपुसून आणलेली. मशीनने शिसं दाखवलं, मर्यादेच्या बरंच वर.

मी त्यांना समजावलं की हे दिसत नाही, धुऊन जात नाही, लहान मुलांच्या डोक्याला बाधतं. नानांनी खिशातून चाकू काढला, एक रताळं चिरलं, फोड उलटसुलट करून पाहिली आणि तोंडात टाकली.

"गोड शे ना पन," म्हणाले.

*

मग व्यापाऱ्याचा फोन. सालं काढून तपासा म्हणाला. शिसं थोडं उतरलं, पण मर्यादेत आलं नाही. उकडून बघा म्हणाला, तेही केलं. शेवटी त्याने विचारलं, दुसऱ्याच्या शेतातली रताळी नानांच्या नावावर तपासली तर चालतील का. आमच्या सरांनी साफ नाही सांगितलं.

आठवड्याने त्याने मला दुसऱ्या कुठल्याशा लॅबचा स्वच्छ रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. खाली लिहिलं होतं, "मॅडम, तुमचं मशीन दाखवून घ्या."

*

सरांनी नाल्याबद्दल पत्रं लिहिली. एका कार्यालयाने कळवलं, पाणी आमच्याकडे येत नाही. दुसऱ्याने कळवलं, भाजी आमच्याकडे येत नाही. बऱ्याच महिन्यांनी एक साहेब आले आणि बाटली भरून घेऊन गेले. अहवाल आला, पाणी पिण्यायोग्य.

नानांना विचारलं तेव्हा कळलं, नाल्यापाशी चिखल होता, म्हणून साहेबांनी ग्रामपंचायतीच्या नळावर बाटली भरली. त्या दिवशी सरांनी डबा उघडलाच नाही.

*

पुढच्या वर्षी नाना मुद्दाम सांगायला आले. माझं ऐकून त्यांनी रताळी लावायची बंद केली होती. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ऐकलं होतं. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांच्यासाठी चहा मागवला. चहा पिता पिता विचारलं, मग आता काय लावलंय?

"अरवी," नाना म्हणाले. म्हणजे अळकुड्या, त्याही जमिनीखालच्याच. पाणी? तेच.

*

आमच्याकडे झाडलोट करायला अक्का येतात. तपासून उरलेला माल कचऱ्यात टाकायचं काम त्यांचं. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी मी स्टोअरमध्ये गेले, तर अक्का उरलेली रताळी निवडून पिशवीत भरत होत्या. कुठे नेताय विचारलं, तर घरी म्हणाल्या. नातीला फार आवडतात, आणि आजच नव्हे, कामाला लागल्यापासून नेतात.

इथली का नेता, बाजारात मिळत नाहीत का, एवढंच तोंडातून निघालं.

अक्कांनी पिशवीची गाठ मारली.

"बजारना मालले कोन तपासस, ताई? हाई बठ्ठं तपासेल शे."