दोन वाजताची सही

ती गोष्ट आठवली की आजही माझा पारा चढतो. पोलीस खात्यात उभी हयात गेली, खून पाहिले, दरोडे पाहिले. पण या एकाच केसच्या वेळी माझ्या अंगावर वर्दी नव्हती, हातात अधिकार नव्हता आणि समोरच्यांची भाषाही मला येत नव्हती.

निवृत्तीनंतर मी मुलीकडे जर्मनीत, वाल्डॉर्फला गेलो होतो. तिच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, तिच्याकडेच असतात. घरात पाय घसरून त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन झाले आणि चालता येईपर्यंत काही आठवडे त्यांना वृद्धांच्या एका शुश्रूषागृहात ठेवले. इमारत चकाचक, फरशीत तोंड दिसेल अशी. मुलगी आणि जावई दिवसभर ऑफिसात, त्यामुळे सोबतीला बसायचे काम माझ्याकडे आले.

पहिले तीन दिवस मी विचारायचो, "बऱ्या आहात ना?" त्या चादर गळ्यापर्यंत ओढून म्हणायच्या, "हो हो, काही त्रास नाही." मी वर्तमानपत्र उघडायचो. खोलीत एक गोडसर, कुजका वास होता. असला वास मी पंचनाम्यांच्या वेळी अनेकदा घेतला आहे, तरीही औषधांचा असेल म्हणून सोडून दिला. ही माझी पहिली चूक.

चौथ्या दिवशी खबर मिळाली. शेजारच्या खाटेवर एक जर्मन आजी होत्या, पूर्वीच्या शिक्षिका. त्यांनी मला खुणेने बोलावले, विहीणबाईंच्या खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या तक्त्याकडे बोट दाखवले, मग स्वतःच्या घड्याळावर टकटक केले आणि ठामपणे नकारार्थी मान हलवली. पक्का खबऱ्यासुद्धा इतके नेमके सांगत नाही.

मी तक्ता काढला. जर्मन येत नसले तरी रजिस्टर मला वाचता येते. विहीणबाईंना स्वतःहून कूस बदलता येत नव्हती, म्हणून दर दोन तासांनी कोणीतरी ती बदलून सही करायची, असा तो तक्ता. आठ, दहा, बारा, दोन, सगळ्या रकान्यांत सह्या होत्या. एकच पेन, एकच दाब, एकच तिरकेपणा. मी साडेनऊपासून तिथे बसलो होतो, खाटेला कोणी हातसुद्धा लावला नव्हता. आणि वाजले होते साडेअकरा.

मी तक्ता भिंतीवरच्या घड्याळाखाली धरला आणि दोन्ही एकत्र येतील असा फोटो काढला. मग मुलीला फोन केला. ती अर्ध्या तासात आली. "तू त्यांची पाठ बघ," म्हणालो आणि दाराबाहेर उभा राहिलो. पाच मिनिटांनी ती बाहेर आली, तोंडावर हात धरून. "बाबा, तळहाताएवढी जखम आहे हो. आत हाड दिसतंय!"

तेवढ्यात जावईही पोचले. फोटो पाहूनही त्यांचा विश्वास बसेना. "बाबा, काहीतरी गैरसमज आहे. आल्झो, म्हणजे असं बघा, इथे प्रत्येक गोष्टीचं डोकुमेंटात्सिओन असतं. सगळं लिहिलेलं असतं."

"जावईबापू, मला त्याचीच धास्ती आहे," मी म्हणालो. "आधी आईंची पाठ बघून या." ते आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आम्ही मजल्याच्या प्रमुख बाईंकडे गेलो. त्यांनी हसून फाइल उघडली. जावई दुभाषे झाले. चौकशीत मी आवाज चढवत नाही. मी एवढेच विचारले, "तुम्ही स्वतः त्यांची पाठ शेवटची कधी पाहिलीत?" उत्तर शोधायला बाई फाइलची पाने उलटू लागल्या. माझे डोके असे तापले की दोन्ही हात मागे बांधून उभा राहिलो.

मी फोनवरचा फोटो उघडून टेबलावर ठेवला. सही करणाऱ्या परिचारिकेला बोलावले गेले. तिचे डोळे तारवटलेले होते. फोटोतले घड्याळ पाहून ती मटकन खुर्चीत बसली आणि रडत बोलू लागली. जावई एकेक वाक्य सांगत होते. "अख्ख्या मजल्याला आम्ही दोघीच आहोत. मी वरिष्ठांना तीनदा सांगितलं. तक्ता रिकामा राहिला तर मला जाब विचारतात. आजी तशाच पडून राहिल्या तर कोणीच विचारत नाही."

हे वाक्य मी आधी ऐकले होते.

एका तालुक्याच्या ठाण्यात मी प्रभारी असताना लॉकअपमध्ये एक म्हातारा आरोपी होता. त्याच्या पायाला जखम होती. स्टेशन डायरीत दर तासाची नोंद होती, 'लॉकअप तपासले, आरोपी सुस्थितीत.' सगळ्या नोंदी एका बैठकीत लिहिलेल्या. खाली माझी सही. दोन दिवसांनी त्याचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. हवालदार तेव्हा मला म्हणाला होता, "साहेब, डायरी कोरी राहिली तर तुम्ही विचारता." मी त्याला निलंबित करवले आणि स्वतः सुटलो.

विहीणबाईंना त्याच दुपारी इस्पितळात हलवले. जावयांनी अशा गृहांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याकडे तक्रार केली, सोबत फोटो जोडला. माझ्या आग्रहाखातर त्यात लिहिले की दोष एकट्या परिचारिकेवर ढकलू नये. दोघींच्या जिवावर मजला सोडून वर कागद तपासत बसणाऱ्यांना आधी जाब विचारावा. तपासणी झाली, त्या प्रमुख बाईंची नोकरी गेली, मजल्यावर माणसे वाढली. जखम भरायला मात्र चार महिने लागले.

मी परत निघालो त्या दिवशी विहीणबाई काठी धरून दारापर्यंत आल्या. मी विचारले, "एवढं दुखत होतं, मग मला सांगितलं का नाहीत?"

"अहो, पाठीचं दुखणं व्याह्यांना कसं दाखवायचं?" त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही विचारायचात ते पेपर उघडता उघडता."

त्या बाईंच्या फाइलवर मी एवढा संतापलो, पण तीन दिवस मीही तेच केले होते. विचारले, उत्तर मिळाले, नोंद झाली. त्या ठाण्यातल्या माझ्या खुर्चीपासून लॉकअप पंधरा पावलांवर होते. ती पंधरा पावले मी तेव्हा चाललो नाही, आणि विहीणबाईंची खाट तर माझ्या गुडघ्याला लागत होती.