कांदेबाई

आमच्या विज्ञानाच्या बाईंनी जन्मात कांदा चाखला नव्हता, आणि आळे गावच्या शाळेत सगळे त्यांना कांदेबाई म्हणत. बाई जैन. आजोबा राजस्थानातून आलेले, आळेफाट्यावर घरचं कापडाचं दुकान; पण बाईंचं मराठी आमच्यापेक्षा चोख. दरवर्षी सहावीच्या पहिल्या आठवड्यात त्या टेबलावर कांदा उभा चिरत, डोळ्यांतून पाणी गाळत एकेक थर सोडवत आणि सांगत, की ही सगळी पानं आहेत, अन्न साठवून जाड झालेली. खोड म्हणजे तळाची ही एवढीशी चकती.

आम्ही कांद्याच्या वखारीशेजारी वाढलेली पोरं. कांदा म्हणजे पानं, हे ऐकून वर्ग हसला. मग ही पानंच असतील तर तुम्ही का खात नाही, असं एकीनं विचारलं. बाईंनी पदरानं डोळे पुसले.

"जमिनीखालचं आमच्या घरी खात नाहीत. पण खायचं नाही म्हणून ओळखही ठेवायची नाही, असं थोडंच आहे?"

बाई फळ्यावर फूल कधी काढत नसत. फुलाचे भाग शिकवायचे असले की ज्यानं त्यानं घरून फूल आणायचं. मी नेलं डांगराचं, म्हणजे लाल भोपळ्याचं, काकूच्या वेलीवरचं. काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. गोठ्यामागे तिनं ती वेल लावली होती. फुलं भरपूर यायची, पण बोराएवढी डांगरं पिवळी पडून गळायची. त्याच आठवड्यात आजी सगळ्यांसमोर म्हणाली होती, "वांझ वेल हाय ती. उपटून टाक, पानी कशाला वाया घालवती?" काकूनं वेल उपटली नाही, पण पाणी घालायचं बंद केलं. त्या दिवसापासून ती जेवायलाही आमच्याबरोबर बसेना.

बाईंनी माझं फूल उघडलं. आत नुसते पिवळे परागकण. हे नर-फूल, त्या म्हणाल्या. मादी-फुलाच्या खाली इवलंसं डांगर असतं. ती डांगरं गळतात, हे मी सांगितलं. आजी वेलीला काय म्हणाली तेही सांगून टाकलं. बाईंनी एवढंच विचारलं, की तुमच्याकडे ही फुलं सकाळी कधी उमलतात?

रविवारी उजाडताच त्या स्कूटीवरून आमच्या दारात हजर. चहा नको म्हणाल्या, काकूला घेऊन थेट गोठ्यामागे गेल्या. मी आणि आजी मागोमाग. आजूबाजूला टोमॅटोवर सतत औषधाची फवारणी चाललेली, मधमाश्या फिरकत नव्हत्या. त्यांचं काम आज आपण करू, असं बाईंनी काकूला समजावलं. काकूनं नर-फूल खुडलं, पाकळ्या काढल्या आणि मधला दांडा मादी-फुलाच्या आत हळूच टेकवला. अशी पाच फुलं केली, प्रत्येकाला दोरा बांधला.

"म्हंजी वेल चांगली व्हती?" आजीनं विचारलं.

"पहिल्यापासून चांगली होती, आजी," बाई म्हणाल्या. "आपण एकच फूल बघून दोष देत होतो. बघायची तर दोन्ही बघावी लागतात."

काका बैलाला वैरण टाकत होते. त्यांचा हात थांबलेला मी पाहिला.

पाचातली चार डांगरं धरली. ती पिकायच्या आत काका काकूला घेऊन नारायणगावला डॉक्टरकडे जाऊन आले, आणि या वेळी त्यांनी स्वतःचीही तपासणी करून घेतली. घरी आल्यावर ते ओसरीवर आजीसमोर बसले. "आई, दोष माझ्यात हाय. हिला परत काय बोलू नको," एवढंच म्हणाले. आजी उठली, दोन ताटं वाढली, एका ताटावर काकूला हाताला धरून बसवलं आणि दुसऱ्यावर स्वतः बसली. मूल झालं नाही. पण वांझ हा शब्द आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. आज काकूची रोपवाटिका आहे, आणि तिच्या रोपांना आळ्याबाहेरूनही मागणी असते.

बाई निवृत्त होऊन लेकीकडे पुण्याला गेल्या. मी शिक्षिका झाले, डिंभ्याजवळच्या शाळेत. पहिल्याच वर्षी एका मुलीनं विचारलं, की केळ्यात बी नसतं, मग पहिली केळ उगवली कशातून? मला सांगता येईना. वेळ मारून नेली आणि संध्याकाळी बाईंना फोन केला.

"मला नक्की माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. "उद्या वर्गात तसंच सांग. आणि तुला कळलं की मला कळव."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं, की मला माहीत नाही, आपण शोधू. वर्ग आधी चकित झाला, मग सगळे एकदम बोलायला लागले. चार दिवसांनी तीच मुलगी धावत आली. तिच्या मामानं डोंगरावरून रानकेळीचं फळ आणलं होतं. आपल्या केळीची ही लांबची नातलग, अजून बीपासूनच उगवणारी. आम्ही ते चिरलं. आत गर थोडा, आणि हरभऱ्याएवढ्या टणक काळ्या बिया खच्चून भरलेल्या. मुलं टेबलाभोवती दाटीनं उभी राहिली. मी तिथूनच बाईंना फोन लावला आणि तो त्या मुलीच्या हातात दिला.