तोंड वासलेला जोडा

चर्चमधले अगदी शेवटचे, दाराला लागून असलेले बाक टाकेकाकांचे. खरे नाव काहीतरी होते. पण जन्मभर लोकांच्या जोड्यांना टाके घातले, म्हणून टाकेकाका. बाकावर चार माणसे ऐसपैस मावतील. बायको गेल्यापासून काका एका टोकाला बसत आणि उरलेले बाक रिकामे राही.

मंडळी काही वाईट नव्हती. येताजाता कोणीही विचारी, "काय काका, बरं ना?" पण चामड्यात आयुष्य काढलेल्या माणसाच्या अंगाला एक वास चिकटतो. त्या वासाला कोणी नाव ठेवत नसे, फक्त शेजारी बसत नसे. प्रार्थनेत सगळे भाऊबहीण, बाकावर ज्याचा तो.

दुकानामागची एक खोली हेच घर. फळीवर दोन कप, त्यातला एक कायमचा पालथा. मुलगी दूर सासरी. तिचा फोन येई.

"बाबा, जेवलात ना?"

"जेवलो."

"बरं मग, ठेवते."

मग काका दोऱ्याला मेण लावीत आणि दोऱ्याशीच बोलत. "चल बाबा, तू तरी तुटू नकोस."

अशात गावाबाहेरच्या कपडे धुण्याच्या कारखान्यात परमुलखातली माणसे कामाला आली. प्रभू आपलाच, भाषा मात्र त्यांची. दाराशी जोडे काढून ती अनवाणी आत येत आणि डोळे मिटून, हात उंचावून, छत हलेल इतक्या मोठ्याने गात. मेणबत्त्या लावणारी मावशी कपाळाला आठ्या घालून म्हणे, "देवाला काय कमी ऐकू येतं? आणि दारात हा जोड्यांचा बाजार!"

त्यांतली एक म्हातारी आणि तिची सून मागच्या बाकावर आल्या. बाकभर जागा होती, तरी म्हातारी काकांच्या कोपराला कोपर लावून बसली. काकांना वाटले, हिला अजून वास आला नसेल. ते संकोचून सरकले. म्हातारीही सरकली. बाक संपले, तेव्हा काकांचे सरकणे संपले.

त्या दिवशी खोलीवर आल्यावर काकांनी पालथा कप धुऊन उताणा ठेवला. त्यात ओतायचे कोणासाठी, हे काही त्यांना ठाऊक नव्हते.

पुढच्या रविवारी दाराशी म्हातारीचे जोडे त्यांच्या नजरेस पडले. तळ सुटून एकाचे तोंड वासलेले. उघडा जोडा बघून मोच्याला प्रार्थना कशी सुचावी? शेवटचे गाणे सुरू झाले तसे काका हळूच उठले आणि जोडे घेऊन समोरच्या आपल्या दुकानात गेले. एक टाका घालू म्हणाले, तर सगळाच तळ उसवलेला निघाला. जीव ओतून शिवले, पुसले, चमकवले. परतले तेव्हा अंगण रिकामे होते. मावशी दाराला कुलूप घालीत होती.

"गेली ती. दारात उभी राहिली, खाली बघितलं, आणि रडत अनवाणी गेली."

"अहो, मी शिवायला नेले होते!"

"मग सांगून न्यायचे! तुमच्या तोंडाला कोणी टाका घातला होता?"

त्यानंतरच्या रविवारी म्हातारी नाही, तिच्या मुलखातले कोणीच नाही, बाक रिकामे. त्याच्या पुढच्याही. शेवटी पाळकसाहेबांनी चौकशी केली आणि काकांना बाजूला घेतले.

"त्यांच्या मुलखात, काका, आलेल्या माणसाचे जोडे दारातून हलवले, की त्याचा अर्थ होतो, पुन्हा येऊ नकोस."

काकांनी दाराकडे, जोडे काढायच्या जागेकडे पाहिले.

"पुढच्या बाकांवरचे काही म्हणताहेत, बरं झालं, आपोआप मिटलं," पाळकसाहेब खालच्या आवाजात म्हणाले. "मी जाऊन समजावतो त्यांना."

"नको, साहेब. उसवलं मी, टाका मीच घालणार."

कारखान्यामागच्या गल्लीत वाफेचा आणि साबणाचा वास कोंडला होता. अरुंद जिना. पायरीपायरीवर काकांचा धीर खचत होता. पण प्रत्यक्ष प्रभू गुडघे टेकून शिष्यांच्या पायांपाशी बसला, पाण्याचे भांडे घेऊन, त्यांचे पाय धुवायला. मग जन्म पायांपाशीच काढलेल्या मोच्याला जिना चढायची कसली लाज?

सुनेने दार उघडले. चेहरा दगडासारखा. "काय पाहिजे?"

काकांनी जोडे पुढे केले. तिने हात लावला नाही. वाटेत जुळवलेले शब्द पळाले. काकांनी म्हातारीचे जोडे उंबऱ्याशी ठेवले, स्वतःचे काढून त्यांच्या शेजारी ठेवले आणि भेगाळल्या पायांनी तसेच उभे राहिले.

म्हातारी बाहेर आली. टाक्यांवरून तिने बोट फिरवले, सावकाश, एकेका टाक्यावरून. मग खाली वाकून काकांचे जोडे उचलले.

काकांना वाटले, संपले. आता ही ते लांब ठेवणार.

म्हातारीने जोडे उलटे करून पाहिले. एकाचे तोंड वासलेले. ती सुनेला काहीतरी बोलली. सुनेचा चेहरा थोडा सैलावला.

"आई विचारते, तुमचे कोण शिवणार?"

काकांना हसू आले. म्हातारीने काकांचे जोडे पहिल्या जागी, आपल्या जोड्यांना चिकटून, परत ठेवले आणि आत यायला वाट देत दारातून बाजूला झाली.

रविवारी चर्चच्या दारात सगळ्यात आधी काकांचे जोडे होते.

"तुम्हीसुद्धा, काका?" मावशी म्हणाली. "फरशी बर्फासारखी आहे."

"आहे खरी," काका म्हणाले आणि आपल्या टोकाला जाऊन बसले.

गाणे सुरू झाले. पुढच्या बाकांवरून कोणी मागे वळून पाहिले नाही. रिकाम्या बाकावर हात ठेवून काका दाराकडे कान देऊन बसले. बऱ्याच वेळाने बाहेर पायरीवर जोडे काढल्याचा आवाज झाला. काकांनी हात उचलला.

या वेळी ते सरकले नाहीत.