तेलातली चकाकी हेरणारे वीरभद्रअप्पा

निजामी अमलाच्या अखेरच्या वर्षांत मी नळदुर्ग–तुळजापूर रस्त्यावर प्रवाशांची सर्व्हिस मोटार हाकत असे. नळदुर्गच्या नाक्यावर वीरभद्रअप्पांचे गॅरेज होते. पहिल्याच भेटीत त्यांनी माझे नाव विचारण्याआधी बॉनेट उघडून इंजिनाला कान लावला आणि म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, गाडी झकास हाकता, पण तिचं ऐकत न्हाय कधी!" मला राग आला. महिनाभरात आमची दोस्ती जमली, ती अप्पा पंचाहत्तरीचे झाले तरी टिकून आहे.

अप्पांच्या कामाविषयी सांगायचे तर तामलवाडीच्या कुस्त्यांचा दिवस आठवतो. महायुद्ध चालू होते. नळदुर्गच्या तालमीचे पैलवान माझ्या मोटारीने तिकडच्या जत्रेला निघाले होते. त्यांचा रामलिंग मानाच्या कुस्तीला उतरणार होता. सारे बसले, तोच अप्पांनी ऑइलची पट्टी ओढून बोटावरचे तेल उन्हात धरले. त्यात चांदीसारखी बारीक चकाकी होती. त्यांनी लोहचुंबक जवळ नेले. एकही कण चिकटला नाही.

"लोखंड न्हाय हे. बेअरिंगचा पांढरा धातू झडतोय. पैलवान, उतरा खाली."

तालमीचे वस्ताद भडकले. "अप्पा, इंजिन तर सुरात चालतंय! न्हाय गेलो तर नळदुर्गवाले भ्याले म्हणतील."

"आणि तुळजापूरच्या घाटात रॉड तुटला तर? वस्ताद, तुम्हाला पोचवायचं माझ्याकडं लागलं. पण असल्या इंजिनावर न्हाय."

मलाही इंजिनात वावगा आवाज येत नव्हता. अप्पांनी इंजिनाखालचे चेंबर उतरवले. तळाशी पांढऱ्या धातूचा चुरा साचला होता आणि एका रॉडचे बेअरिंग भिंतीच्या पोपड्यासारखे सुटत होते. वस्तादांनी त्याला बोट लावून पाहिले आणि म्हणाले, "करा अप्पा, काय करायचं ते."

युद्धामुळे नवे बेअरिंग मिळणे शक्यच नव्हते. अप्पांनी शेजारच्या लोहाराच्या भट्टीवर जुन्या बेअरिंगांचा धातू वितळवून रॉडमध्ये ओतला. तो निवल्यावर ते खरवडून बसवून बघत, पुन्हा खरवडत. ऊन चढत होते, पैलवान येरझाऱ्या घालत होते. अप्पांच्या हाताला मात्र घाई नव्हती.

नवे बेअरिंग इतके घट्ट बसले, की इंजिन सुरू करायचे हँडल मला हलेना. "आता तुमची पाळी, पैलवान!" अप्पा हसले. वस्तादांनी रामलिंगला हात लावू दिला नाही. बाकीच्यांनी आळीपाळीने जोर लावला. इंजिन धडधडले आणि अख्खा नाका ओरडला. अप्पा स्वतः माझ्या शेजारी बसून आले. मानाच्या कुस्तीची हलगी कडाडत असताना आम्ही पोचलो. रामलिंगने समोरच्याला आसमान दाखवले! लोकांनी त्याला खांद्यावर घेतले. तो खाली उतरला आणि काळ्या हातांच्या अप्पांनाच त्याने उचलून आखाड्याभोवती फिरवले.

निजामाची राजवट संपली आणि रझाकारांवरचा राग आम्हा मुसलमानांवर निघू लागला, त्या धास्तीच्या दिवसांत माझी बायकोमुले अप्पांच्या घरी राहिली. मी मोटार काढली की अप्पा शेजारी येऊन बसत. वाटेत कोणी अडवले, तर म्हणत, "करीमभाई माझा भाऊ हाय. काय बोलायचं ते माझ्याशी बोला." त्यांच्या तोंडावर कोणी काही बोलले नाही.

अप्पा आजही रोज सकाळी गॅरेजवर पायी येतात, चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचतात आणि चुकार ड्रायव्हरांना दोन खडे बोल सुनावतात. अल्ला आणि महादेव त्यांना उदंड, निरोगी आयुष्य देवोत. शंभरीच्या सकाळीही अप्पांनी असेच चालत यावे आणि नाक्यावर सगळ्यांत आधी त्यांचाच आवाज घुमावा!