अख्खी नूडल

लातूरला आमच्या ट्यूशनच्या गल्लीत चायनीजचा गाडा लावणारे एक चाचा होते. वाढदिवस असलेल्या पोरांना ते हातानं ओढलेली एकच लांबलचक नूडल देत. मुंबईत ज्यांच्या हाताखाली ते हे शिकले, ते उस्ताद चिनी होते. नव्या वर्षाला, वाढदिवसाला ती अख्खी खायची. तोडली की आयुष्य तुटतं, असं उस्तादांनी शिकवलेलं.

माझ्या वाढदिवशी बायोलॉजीचा तास गाठायचा होता, म्हणून मी ती दातानं तोडायला गेले. चाचा झारा उगारून ओरडले, "तोडू नको! वढ, पोरी, वढ!"

ओढणीवर सॉस सांडत मी ती संपवली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"चाचा, तुमचा वाढदिवस कधी?"

"भूकंपात ढिगाऱ्याखालनं जिता निघालो, तोच दिवस धरतो," ते हसले. "तवापासनं वढतच राहिलोय!"