किडनी द्यायची होती, वजन आडवं आलं

डॉक्टरांनी माझी फाईल मिटली आणि म्हणाले, "सर, तुमच्या दोन्ही किडन्या चांगल्या आहेत. पण आज तुमचं जे शरीर आहे, त्यातून आम्ही एक काढू शकत नाही."

मला वाटलं होतं की आजारी माझा भाऊ आहे आणि मी फक्त देणारा आहे. त्या दिवशी नागपूरच्या त्या खोलीत मला कळलं की मीही रुग्णच आहे. वजन एक्याण्णव किलो, उंची पाच फूट चार इंच. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, चौतीस. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, मधुमेहाच्या काठावर. सोबत फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात साठलेली चरबी.

"अशा माणसाची एक किडनी काढली तर उरलेल्या एकीवर सगळा भार येतो," डॉक्टर म्हणाले. "आम्हाला एक रुग्ण बरा करून दुसरा तयार करायचा नाही. ऐंशीच्या खाली या. साखर उतरू द्या. मग बघू."

"किती वेळ आहे?" मी विचारलं.

"तुमचे भाऊ डायलिसिसवर आहेत तोवर वेळ आहे. पण फार नाही."

माझा धाकटा भाऊ गजानन बाहेर बाकावर बसला होता. मी काही सांगायच्या आत तो म्हणाला, "आयकलं मी. दार उघडंच होतं."

मी पांढुर्ण्याला राहतो. सौंसर आणि लोधीखेड्याच्या शाळांमध्ये नोकरी करून बासष्टाव्या वर्षी निवृत्त झालो, त्याला तेव्हा आठच महिने झाले होते. गजानन माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तिगावच्या शिवारात आमचा संत्र्याचा बगीचा आहे, तो तोच पाहतो. त्याचे पाय सुजायचे. दिवसभर उभा राहतो म्हणून सुजतात, असं आम्ही सगळे म्हणायचो. कंबर दुखते म्हणून तो कित्येक वर्षं कोणालाही न विचारता दुखण्याच्या गोळ्या खात होता. रक्त तपासलं तेव्हा क्रिएटिनिन नऊ निघालं. क्रिएटिनिन म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा. तो निरोगी माणसात एकच्या आसपास असतो.

तेव्हापासून त्याचं आठवड्यातून दोनदा नागपूरला डायलिसिस सुरू झालं. सकाळच्या गाडीने जायचं, चार तास मशीनला जोडून पडायचं, संध्याकाळी परत. त्याची बायको कुसुम किडनी द्यायला तयार होती, पण तिला रक्तदाबाचा त्रास. मुलगी लग्न होऊन गेलेली. तिचं नाव निघताच गजानन ताटावरून उठला. उरलो मी. आमचा दोघांचा रक्तगट एकच.

मी का, हे सांगायला हवं. आमचे वडील गेले तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि गजानन नववीत. बगीच्याला माणूस हवा होता. मी कॉलेजातून घरी आलो तेव्हा त्याने शाळा सोडून दप्तर खुंटीला टांगलं होतं. मला कोणी विचारलं नाही, त्यालाही कोणी विचारलं नाही. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो. त्याने त्या गोष्टीचा उल्लेख कधीही केला नाही.

तर मी चालायला लागलो. रोज सकाळी पाच किलोमीटर. घरापासून बाजार, बाजारातून स्टेशन, आणि परत. पत्नी मंदाने भात बंद केला, भाजीतलं तेल अर्ध्यावर आणलं. दीड महिन्याने नागपूरला जाऊन काट्यावर उभा राहिलो. साडेब्याण्णव.

तिथल्या आहारतज्ज्ञ मॅडमनी माझ्या हातात वही दिली. "पंधरा दिवस तोंडात जे जाईल ते इथे लिहा," त्या म्हणाल्या. "पाणी सोडून सगळं."

मी आयुष्यभर मुलांना प्रामाणिकपणे उत्तरं लिहायला सांगितलं, म्हणून मीही प्रामाणिकपणे लिहिलं. तेव्हा मला माझी सकाळ दिसली. कापडाच्या दुकानाचं शटर उघडणारा माझा विद्यार्थी. औषधाच्या दुकानातला दुसरा. स्टेशनसमोरच्या हॉटेलातला तिसरा, ज्याला मी एकदा वर्गाबाहेर उभं केलं होतं आणि जो म्हणूनच मला कधी रिकाम्या तोंडी जाऊ देत नसे. "सर, बसा ना, अर्धा तर घ्या." अर्धा-अर्धा कप करत रोज सात चहा, सगळे साखरेचे. दोन ठिकाणी आलुबोंडा. पाच किलोमीटर चालून मी जेवढं जाळत होतो त्याहून जास्त वाटेत खात होतो.

मॅडमनी वही वाचली आणि विचारलं, "फळं?"

"ती नाही लिहिली."

"का?"

मला प्रश्नच कळला नाही. आमच्याकडे संत्रं कोणी खाण्यात धरत नाही. हंगामात ते पाण्यासारखं असतं. येता-जाता एक सोलायचं. जेवण झालं की दोन. संध्याकाळी रस, एका ग्लासाला सहा-सात लागतात, आणि ग्लास दोन. मॅडमनी ते सगळं माझ्याकडून बोटांवर मोजून घेतलं. आकडा विसाच्या पुढे गेला.

"रोज?" त्या म्हणाल्या.

"भाऊ दर रविवारी क्रेट पाठवतो. त्याला चालत नाहीत ना."

डायलिसिसच्या रुग्णाला संत्रं चालत नाही. त्यात पोटॅशियम हा क्षार असतो. किडनी तो बाहेर टाकू शकत नाही आणि तो वाढला तर हृदय थांबू शकतं. पस्तीस-चाळीस वर्षं संत्री पिकवणाऱ्या माणसाला स्वतःच्या झाडाची एक फोड तोंडात टाकायची बंदी होती. म्हणून तो माझ्याकडे पाठवत असेल, असं मी धरून चाललो होतो.

मॅडमनी रस बंद केला, दिवसाला एक संत्रं ठरवून दिलं, आणि चालण्याचा रस्ता बदलायला सांगितलं. रस्ता बदलणं सर्वांत अवघड गेलं. हॉटेलवाला विद्यार्थी घरी आला. "सर, आमचा चहा कडू झाला का आता? का दुसऱ्याकडं पिऊन राहिले?" मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग सर, माझ्या दुकानासमोरून जाऊच नका. मी हाक मारल्याशिवाय राहणार नाही."

म्हणून मी तिगावला जायला लागलो. जानेवारीचा महिना होता. संत्र्याच्या झाडांना तेव्हा ताण देतात, म्हणजे मुद्दाम पाणी तोडतात. पानं कोमेजू लागली की पुन्हा पाणी सोडायचं, मग झाड फुलावर येतं. त्याच दिवसांत सल काढतात, म्हणजे झाडातल्या वाळलेल्या काड्या कापून काढतात. हे काम गजाननला आता झेपत नव्हतं. मी कैची घेतली. तो बांधावर खाट टाकून बसला.

पहिल्या दिवशी वीस मिनिटांत मला धाप लागली.

"भाऊ, झाड कापून राहिला का झाडाले नमस्कार करून राहिला?" तो खाटेवरून ओरडला.

"तू चूप बस. पेशंट आहेस तू."

"पेशंट तर तूही आहे. डॉक्टर बोलले ना." मग पाणी तोडलेल्या झाडांकडे हात करून म्हणाला, "या झाडायले दरसाल ताण देतो मी, तवा बहार धरते. तुले जलमभर कोणी ताणच देला नाही."

हे त्याने हसत म्हटलं, पण खरं होतं. मला ताण पडू नये हे त्यानेच पाहिलं होतं.

महिन्याभरात मी दोन तास काम करू लागलो. सल काढली, खोडांना बोर्डो, म्हणजे चुना-मोरचुदाचा लेप, लावला, झाडांभोवती पाण्यासाठी आळी केली. वजन अठ्ठ्याऐंशी झालं. पण रविवारचा क्रेट येतच होता. दोनदा फोन करून नको म्हणालो. तिसऱ्या रविवारी दोन क्रेट आले. घरी आलेलं फळ टाकवत नाही. मंदा शेजारी वाटायची, तरी डझनभर माझ्या पोटात जायचीच.

एके दिवशी बगीच्यात कुसुम डबा घेऊन आली. गजानन पाण्याची मोटार पाहायला गेला होता. ती पदर सावरून हळूच म्हणाली, "भाऊजी, ते मुद्दाम पाठवून राहिले. तुमचं वजन उतरलं नाही तर डॉक्टर किडनी घेत नाहीत ना, म्हणून."

गजानन परत आल्यावर मी त्याला सरळ विचारलं. त्याने नाही म्हटलं नाही.

"दोघं भाऊ आहो आपण," तो म्हणाला. "एक तरी धड राहू दे ना घरात. तुले काही झालं तर वहिनीले मी काय तोंड दाखवू?"

मला राग आला. मी म्हणालो, "गजा, दप्तर खुंटीला टांगलं तेव्हा तू मला विचारलं नाहीस. एकट्याने ठरवलंस. मी चाळीस वर्षं ते घेऊन फिरतो आहे. आता पुन्हा एकट्याने ठरवायचं नाही."

कुसुमने डबा उघडला, आम्ही जेवलो. पुढच्या रविवारी क्रेट आला नाही.

त्याऐवजी गजाननने वेगळंच सुरू केलं. तोडणीच्या वेळी संत्री तोलायचा लोखंडी काटा गोदामात असतो. तो त्याने बाहेर काढून पुसला आणि दर सोमवारी मला त्यावर उभं करू लागला. तो आकडा मोठ्याने सांगायचा, माल तोलावा तसा. बगीच्यातल्या बायका हसायच्या. "सर, या हप्त्यात वाळले हो तुम्ही."

चौऱ्याऐंशीवर वजन अडलं. पाच आठवडे काटा हलला नाही. त्यातच गुडघा दुखू लागला. घरून मी एक दुखण्याची गोळी खिशात आणली होती. पाण्याचा तांब्या मागितला तेव्हा गजाननने ती पाहिली. तो खाटेवरून उठला, माझ्या हातातून गोळी घेतली आणि मातीत टाकून पायाने दाबली.

"हेच खाऊन मी इथवर आलो," एवढंच म्हणाला.

हे वाचणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे, ती इथे लिहितो. दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय, रोजच्या रोज खाऊ नका. गुडघ्यासाठी मी व्यायाम शिकून घेतले, खुर्चीवर बसून पाय सरळ उचलायचे. कंटाळवाणे असतात, पण उपयोग होतो. काटा हळूहळू पुन्हा हलू लागला.

ऑगस्टच्या एका सोमवारी गजाननने काट्याकडे पाहिलं आणि आकडा सांगितलाच नाही. मी खाली वाकून पाहिला. साडेअठ्ठ्याहत्तर.

"सांग ना," मी म्हटलं.

"घे बाबा," तो म्हणाला. "जिंकला तू."

पुन्हा सगळ्या तपासण्या झाल्या. साखर उतरली होती. क्रॉसमॅच, म्हणजे माझ्या पेशींवर त्याचं रक्त हल्ला करतं का ही चाचणी, चांगली आली. आम्ही मध्य प्रदेशचे, हॉस्पिटल महाराष्ट्रातलं, त्यामुळे कागद दोन्हीकडचे लागले. अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीसमोर मला विचारलं गेलं की कोणाचा दबाव आहे का. मी म्हणालो, "दबाव होता. न देण्याचा."

सप्टेंबरात ऑपरेशन झालं. मी पाचव्या दिवशी घरी आलो. गजानन हॉस्पिटलातच राहिला. त्याची नवी किडनी पहिल्याच दिवशी काम करू लागली, हे मला तिथे असतानाच नर्सने येऊन सांगितलं होतं. ती म्हणाली, "तुमचे भाऊ लघवीच्या पिशवीकडे बघून रडताहेत."

डॉक्टरांचे, मॅडमचे, त्या नर्सचे आणि हॉटेलवाल्या माझ्या विद्यार्थ्याचे उपकार मी विसरणार नाही. आजही मी वर्षातून एकदा तपासणी करतो, मीठ कमी खातो, आणि सकाळी तिगावला जातो. आता आम्ही दोघं मिळून काम करतो. तो हळू, मी त्याच्याहून थोडा कमी हळू.

बगीच्याच्या एका भागात आम्ही मृग बहर, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला फुलणारा, धरतो; त्याची पुढची तोडणी मार्चात होती. त्याच आठवड्यात त्याचे रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी सांगितलं होतं, अर्धं संत्रं चालेल. गजाननने बगीचाभर फिरून एक निवडलं. बांधावर बसून सोललं. दहा फोडी निघाल्या. सहा त्याने स्वतःकडे ठेवल्या, चार मला दिल्या.

"अर्धं सांगितलंय," मी म्हटलं.

"किडनी तुझी असन, भाऊ," तो म्हणाला, "पण झाड माझं आहे."

मी त्याच्या हातातली एक फोड परत घेतली. घरी येऊन वहीत लिहिलं: संत्रं, अर्धं.