देखरेखीत त्रुटी

"मॅडम, त्याईलेच इचारा ना. मले काहून इचारता?"

मावशींचं हे वाक्य मी दर महिन्याला ऐकायची. नागपुरात आमच्या संस्थेची काही घरं आहेत. वर्षानुवर्षं मनोरुग्णालयात राहून सावरलेली, पण घरच्यांनी परत न नेलेली माणसं तिथे चार-पाच जण मिळून राहतात. प्रत्येक घरात सोबतीला एक कर्मचारी; या घरात मावशी. मी फॉर्म घेऊन पाहणीला जाते आणि घरांना गुण देते. झोप लागते का, गोळ्या वेळेवर घेतात का, असं मावशींना विचारलं की त्या समोर बसलेल्या माणसाकडे हात करायच्या. मग मला त्याच्याशी बोलावं लागायचं. त्याला उत्तराला वेळ लागायचा. दिवसात तीन घरं उरकायची असताना ते जड जायचं, खोटं कशाला बोलू.

मावशी नरखेडकडच्या. पन्नाशीच्या, गुडघ्यांनी बेजार. घरातल्या पाचही पुरुषांना त्या 'भाऊ' म्हणत, आणि दार उघडं असलं तरी वाजवल्याशिवाय कुणाच्या खोलीत जात नसत. मी मात्र एकदा सरळ एक अलमारी उघडली, तर कपड्यांचा ढीग माझ्या पायांवर कोसळला. मी स्वच्छतेचे गुण कापले. मावशी शांतपणे म्हणाल्या, "अलमारी त्याईची हाय मॅडम. पसारा बी त्याईचाच."

रविवारी त्या पाचांतले देवरावभाऊ तर्री-पोहे करायचे. तर्रीत मीठ हमखास दोनदा पडायचं. सगळे निमूट खायचे, मावशी घासागणिक पाणी पिऊन खायच्या. दुसऱ्याच्या हातातलं काम काढून न घेणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. फार नसतात.

देवरावभाऊंची पंधरा वर्षं दवाखान्यात गेलेली. बहीण काटोलला. तिच्याकडे एसटीनं एकट्यानं जायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. दोन महिने मावशी त्यांच्याबरोबर स्टँडवर जात राहिल्या. पाटी कुठली वाचायची, कंडक्टरला काय विचारायचं, सगळं त्यांनाच करायला लावायच्या. मग एका सकाळी मावशी त्यांना गाडीत बसवून एकट्याच परतल्या. संध्याकाळी भाऊ पिशवीभर संत्री घेऊन आले आणि साऱ्या गल्लीत वाटत फिरले.

दुसऱ्या खेपेला परतताना ते चुकीच्या गाडीत बसले. फोनची बॅटरी संपलेली. मावशींनी स्वतःच ऑफिसला कळवलं, पोलिसांत तक्रार गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ विचारत विचारत घरी पोचले. भुकेले होते, बाकी धड होते.

चौकशी माझ्याकडे आली. एकट्याला का सोडलं, असं मी विचारलं. मावशी गुडघा चोळत होत्या.

"रस्ता चुकले ते. मी बी चुकते कधी कधी," त्या म्हणाल्या. "मले कोणी कुलूप नाही लावत."

मला ते पटलं होतं. पण वरून रोज फोन येत होते, मी थकले होते, आणि पटलेलं लिहायला फॉर्मवर जागा नव्हती. मी लिहिलं, 'देखरेखीत त्रुटी.' पंधरवड्यात मावशींना कामावरून कमी केलं. कळवायला मीच गेले होते. त्यांनी नेहमीसारखा चहा दिला. आता त्या गावाकडे संत्र्याच्या तोडणीला जातात म्हणे.

त्या घराच्या फाटकाला हल्ली कुलूप असतं. नवा माणूस काटेकोर आहे. गोळ्या वेळेवर, रजिस्टर पूर्ण, फरशी लख्ख. सगळ्या घरांत जास्त गुण त्यालाच मिळतात. देते मीच.

परवा नवतपात, मे अखेरच्या त्या भाजत्या नऊ दिवसांत, गेले, तेव्हा देवरावभाऊ खाटेवर घामाघूम बसले होते. मला पाहून उठून उभे राहिले.

"मॅडम, पंखा लावू का?"

खोली त्यांची. मी म्हटलं, लावा ना भाऊ. ते बटणापर्यंत गेले आणि दाराकडे बघत तसेच थांबले. मी पुन्हा म्हटलं. हात काही वर गेला नाही.

शेवटी बटण मीच दाबलं.